डोक्यावरचा ठिपका बघून नर-मादी ओळखायला जाता आणि दुसऱ्या बॅचला फसता? आधी कोंबडा तपासा

"दादा, मागच्या टायमाला डोक्यावर ठिपका असलेले सगळे कोंबडे निघाले आणि काळ्याभोर होत्या त्या सगळ्या माद्या, म्हणून यंदा ठिपकेवाली पिल्लं आधीच विकून मोकळा झालो, आता ठेवलेल्या काळ्यातलेच निम्मे आरवायला लागलेत, हे कसं काय ओ?"

थोड्याफार फरकानं हा मेसेज दर वर्षी येतोच. कधी होटगीकडनं, कधी मोहोळकडनं, कधी बार्शीकडनं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या (जानेवारी) आसपास अंडी बसवलेली असतात, उन्हाळ्याच्या शेवटाला तरणे कोंबडे आरवायला लागतात आणि मग शोधाशोध सुरू होते. सोबत पिल्लांचे फोटो असतात, खोक्यात बल्बखाली दाटीवाटीनं बसलेली काळी पिल्लं, आणि खाली प्रश्न, यातली मादी कुठली. माझं उत्तर ठरलेलं आहे, पिल्लांचा फोटो नको, कोंबड्याचा पाठवा. आणि कोंबडीचं एक पीस हातात धरून त्याचा पण.

कारण ही ट्रिक पिल्लात नाहीये, आई-बापाच्या जोडीत आहे. जोडी एकाच पद्धतीनं लावली तरच चालते. बाप बिनपट्ट्याचा, आई पट्टेरी. बस. उलटं लावलं की गेलं, आणि त्याच पिल्लातला कोंबडा पुढच्या वर्षी बाप म्हणून ठेवला तरी गेलं. दहातले आठ मेसेज या दुसऱ्या भानगडीचे असतात.

का ते सांगतो, एकदा डोक्यात बसलं की परत कुणाला विचारावं लागत नाही. माणसात बाईकडं एक्स-एक्स ही गुणसूत्रांची जोडी आणि पुरुषाकडं एक्स-वाय, म्हणजे मुलगा का मुलगी हे बापाकडनं काय आलं त्यावर ठरतं (तरी आपल्याकडं बोलणी सुनेलाच बसतात, तो विषय वेगळा). कोंबड्यात हे नेमकं उलटं आहे. कोंबड्याकडं झेड-झेड आणि कोंबडीकडं झेड-डब्ल्यू. म्हणजे इथं खरोखरच आई ठरवते. आईनं आपला झेड दिला की पिल्लू नर, डब्ल्यू दिला की मादी. बाप काय, दोघांनाही झेडच देणार, त्याच्याकडं दुसरं काही नाहीच.

आता पट्ट्यांचा जीन त्या झेडवर बसलेला आहे. मग बघा काय होतं. पट्टेरी कोंबडीकडं एकच झेड, त्यावर पट्टा. तो झेड ती फक्त पोरांना देते. पोरींना तिच्याकडनं डब्ल्यू मिळतो, त्यावर पट्ट्याचं काहीच नसतं. पोरींचा झेड येतो बापाकडनं, आणि बाप जर तांबडा बिनपट्ट्याचा असेल तर पोरींना पट्टा मिळायची सोयच नाही. म्हणून सगळे नर पट्टेरी, सगळ्या माद्या साध्या काळ्या. आईचा पट्टा पोराला, बापाचा बिनपट्ट्याचा झेड पोरीला. पट्टा हा डॉमिनंट आहे, एक जरी मिळाला तरी दिसतो, आणि अंड्यातनं बाहेर आलेल्या काळ्या पिल्लात तो डोक्यावरच्या पांढुरक्या-पिवळट ठिपक्याच्या रूपात दिसतो. पट्टे नंतर पिसं फुटली की येतात.

हे काय आजचं संशोधन नाही. अमेरिकेत विल्यम स्पिलमननं १९०८ सालीच प्लायमाउथ रॉक या पट्टेरी जातीच्या पट्ट्यांचा हा हिशोब मांडला होता. पुढं केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेटनं रंगावरनं पिल्लं वेगळी करायची कल्पना उचलून धरली. हा तोच पनेट, ज्याचा चौकोन बारावीच्या बायोलॉजीत आपण सगळ्यांनी काढलाय आणि परीक्षा झाल्यावर विसरलोय. खरं तर खाली जे जे लिहितोय ते सगळं त्या चौकोनात वहीच्या अर्ध्या पानात मावतं, पण असो.

आता प्रॉब्लेम काय दिसतोय त्याप्रमाणं बघू.

ठिपकेवाले पण मिक्स आणि काळे पण मिक्स

हाच तो दुसऱ्या बॅचचा घोळ. पहिल्या बॅचला आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड, तांबडी जात) किंवा चांगला तांबडा गावरान कोंबडा होता, खाली पट्टेरी कोंबड्या होत्या, रिझल्ट एक नंबर आला. मग त्यातलाच एक रुबाबदार कबरा कोंबडा बघून माणूस म्हणतो, हाच ठेवू, घरचाच आहे, नवीन कशाला विकत आणायचा. इथं गाडी घसरली. त्या कोंबड्याच्या एका झेडवर पट्टा आहे (आईकडनं आलेला) आणि दुसऱ्यावर नाही (बापाकडनं आलेला). तो प्रत्येक पिल्लाला यातला कुठलाही एक देणार, नर असो की मादी. त्याच्याखाली त्याच बॅचच्या काळ्या तलंगा (तरण्या कोंबड्या) असतील तर निम्म्या नरांना ठिपका, निम्म्या माद्यांना पण ठिपका. म्हणजे ठिपका बघून तुम्हाला नर-मादीबद्दल काहीही कळत नाही, शून्य. वरच्या मेसेजमध्ये काळ्यातले निम्मे आरवले ते याच्यामुळंच.

हाच कोंबडा जुन्या पट्टेरी कोंबड्यांवर असेल तर जरा वेगळं होतं आणि इथं थोडी तरी बचत करता येते. नर सगळे ठिपक्याचे येतात कारण आईचा पट्टा त्यांना मिळणारच आहे, माद्या मात्र निम्म्या ठिपक्याच्या, निम्म्या काळ्या. म्हणजे या बॅचमध्ये बिनठिपक्याचं पिल्लू दिसलं की डोळे झाकून मादी. ठिपकेवाल्यांत मात्र साधारण तीनात दोन नर आणि एक मादी, त्यामुळं ती सगळी नर म्हणून विकली तर चांगल्या तलंगा पण त्याबरोबर जातात. अशी बॅच आधीच निघालेली असेल तर काळी बाजूला काढा आणि ठिपकेवाली दीड-दोन महिने सांभाळा, तुऱ्यावरनं आणि पायाच्या जाडीवरनं कळतं.

उपाय एकच, बाप बदला. दर वेळी बाहेरचा बिनपट्ट्याचा कोंबडा. आणि पहिल्या बॅचचे कबरे कोंबडे ठेवायचेच नाहीत, कितीही देखणे असले तरी.

सगळ्याच पिल्लांना ठिपका

जोडी उलटी लागलीय. बाप पट्टेरी आणि आया तांबड्या किंवा काळ्या. शुद्ध पट्टेरी कोंबड्याच्या दोन्ही झेडवर पट्टा असतो, पोरगा-पोरगी दोघांना एकेक मिळतो, सगळी पिल्लं सारखी. यातनं काही निघत नाही, पिल्लं वाईट नसतात, फक्त ओळखता येत नाहीत.

बाप शुद्ध पट्टेरी आणि आई पण पट्टेरी असेल तरी सगळ्यांना ठिपका येतो, पण इथं नराला डबल पट्टा असतो आणि मादीला सिंगल, त्यामुळं नराचा ठिपका मोठा, पसरट, कडा विस्कटलेल्या, अंगाची लव जरा राखाडी, आणि मादीचा ठिपका लहान, आखीव, पाय गडद. सरावानं बराच अंदाज येतो, पण तो अंदाजच. या डबल-सिंगलच्या फरकावरच पनेट आणि त्याच्या सोबत्यांनी १९२९ मध्ये कॅम्बार नावाची जात बांधली, पट्टेरी प्लायमाउथ रॉक आणि गोल्डन कॅम्पाइन यांच्यापासनं, तिच्यात पिल्लं जन्मतः वेगळी ओळखू येतात आणि दर वेळी बाहेरचा कोंबडा आणायची गरज नाही. आपल्याकडं ती कुणी विकतोय म्हणाला तर आधी आई-बाप डोळ्यांनी बघून मगच पैसे सोडा.

मोठ्या कोंबड्यात सिंगल की डबल कसं ओळखायचं? डबलवाला लांबनं बघितला तरी फिकट, जवळजवळ करडा-पांढरा दिसतो, पांढरा पट्टा काळ्याइतकाच किंवा जास्त रुंद. सिंगलवाला गडद. आपल्या कामाला दोन्ही नकोत, पण विकत घेताना फसायचं नसेल तर माहिती असलेली बरी.

एकालाही ठिपका नाही, सगळी काळी

इथं बहुतेक वेळा कोंबडी पट्टेरी नसतेच, आपण तिला पट्टेरी समजत असतो. बाजारात "कबरी" म्हणून सगळं एकाच डालग्यात असतं. कोंबडी पकडा, पंखातलं किंवा मांडीवरचं एक मोठं पीस उपटा (एखाद्यानं तिला काही होत नाही), आणि उन्हात धरून बघा. खरा पट्टा असेल तर पीस बुडापासनं टोकापर्यंत आडव्या रेघांचं असतं, एक काळी एक पांढरी, परत काळी परत पांढरी, कारण पीस वाढताना रंग भरणाऱ्या पेशी थोडा वेळ काम करतात, थांबतात, परत करतात. बुडाशी जी मऊ लव असते तिथंही पुसट रेघा दिसतात. आणि जर अख्खं पीस काळं आणि फक्त टोकाला पांढरा थेंब, तर ती ठिपक्यांची कबरी, तो जीन वेगळा, झेडवर नाही, त्याचा नर-मादीशी संबंध नाही. नुसत्या कडेनं रेघ फिरलेली असेल तरी तो आपला पट्टा नव्हे. अंगावर लांबनं सगळ्याच कबऱ्या दिसतात, एकटं पीस हातात धरल्याशिवाय कळत नाही.

याच प्रकारातला दुसरा गोंधळ ब्लॅक ऑस्ट्रोलॉर्प या काळ्या जातीचा. आरआयआर कोंबडा आणि ऑस्ट्रोलॉर्प कोंबडी ही जोडी आपल्याकडं सर्रास लावतात, पिल्लं चांगली होतात, अंड्याला चांगली, पण ऑस्ट्रोलॉर्पला पट्टा नाही त्यामुळं रंगावरनं नर-मादी कळायचा प्रश्नच येत नाही. गंमत अशी की या पिल्लांच्या पोटाला, गळ्याखाली, पंखाच्या टोकाला पांढरट-पिवळा रंग असतोच, आणि लोक तेच ठिपके धरून वाटणी करतात. पोटाचं पांढरं मोजायचं नाही. फक्त डोक्याचा माथा, वरनं.

पिल्लं पिवळी-पांढरी, अंगावर एखाद-दुसरा काळा डाग

लेगहॉर्न जातीचं रक्त. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये डॉमिनंट पांढरा असतो, तो एक जरी आला तरी काळा रंग दाबून टाकतो. पट्टा खाली असेल, नसेल, दिसायला काही शिल्लकच राहत नाही. ब्रॉयलरचा पांढरा कोंबडा घेतला तरी हेच दुखणं. आणि हो, पांढऱ्या पक्ष्याच्या आत पट्टा लपलेला असू शकतो, म्हणून "पांढऱ्याला पट्टे नाहीत म्हणजे तो बिनपट्ट्याचा" हे चालत नाही. रंगीत कोंबडा असेल आणि त्याच्या अंगावर कुठंही आडवी रेघ नसेल तर मात्र तो शंभर टक्के साफ, कारण रंगीत पिसात पट्टा लपत नाही. मानेची पिसं आणि पंखाची लांब पिसं तेवढी नीट उघडून बघा, तांबड्यावर पट्टा पुसट असतो, घाईत सुटतो.

इथंच अजून एक, बॅचमध्ये काही पिल्लं तपकिरी, पाठीवर रेघा असलेली निघाली आणि त्यांच्या डोक्यावरचं काही कळेना, तर कोंबडीचा मूळ रंग पक्का काळा नाहीये. ठिपका काळ्या लवेवर उठून दिसतो, तपकिरी लवेवर विरघळल्यासारखा होतो. जीन बरोबर पोचलेला असतो, आपल्याला दिसत नाही एवढंच. चार-सहा आठवड्यांनी पिसात पट्टे आले की तीच पिल्लं बरोबर नर निघतात. वनराजा, गिरिराज असल्या रंगीबेरंगी जातींच्या कबऱ्या माद्या वापरल्या की हे होणारच, त्या मुळातच अनेक जातींच्या मिश्रणातनं आलेल्या आहेत.

सगळं बरोबर, तरी दोन-चार पिल्लं चुकीची

हा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण इथं जेनेटिक्स निर्दोष असतं आणि दोषी बहुतेक शेजारी असतो. कुंभारीकडच्या एक अक्का शपथेवर सांगत होत्या की आमच्यात एकच तांबडा कोंबडा आहे, दुसरा नाहीच. मी म्हटलं अक्का, पलीकडं? "पलीकडं हाय की, कबरा, पण तो त्यांच्यात असतो." दुपारी सगळे झोपले की तो कुठं असतो हे कोण बघतंय.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कोंबडीच्या अंगात वीर्य साठून राहतं, दोन आठवडे तर सहज, कधी तीन आठवड्यांपर्यंत. आज जुना कबरा कोंबडा काढला, उद्या नवा तांबडा सोडला आणि त्याच आठवड्यापासनं अंडी गोळा केली तर त्यातली बरीच जुन्याचीच असणार. जुना काढल्यावर तीन आठवडे अंडी खा, विका, आमटी करा, बसवू नका. खुडूक कोंबडीच्या खालची पण तपासा, बसल्यानंतर दुसरी कोंबडी त्यातच जाऊन अंडं टाकते, म्हणून बसवलेल्या अंड्यांना पेन्सिलनं खूण करायची सवय लावा, बिनखुणेचं दिसलं की उचला.

ठिपका बघायची वेळ पण चुकते. ओलं पिल्लू बघायचं नाही, लव चिकटलेली असते. पूर्ण सुकल्यावर, पहिल्या दिवशी, सकाळच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली पिवळट ठिपका दिसणार कसा? आणि बघितलं की लगेच पायात रंगीत रिंग किंवा सैल झिप टाय, पंधरा दिवसांनी ठिपका पिसात हरवतो आणि मग सगळे आठवणीवर बोलायला लागतात. टाय आठवड्याला बघून बदलायचा, पाय जाड होतो तसा तो रुततो. महिना-दीड महिन्यानं ताळा करा, रिंगवाले पट्टेरी आले पाहिजेत आणि बाकीच्या काळ्या, मानेवर-छातीवर थोडी तांबूस झाक.

कडकनाथवाल्यांसाठी, कारण विचारल्याशिवाय राहणार नाहीत

काळा कडकनाथ कोंबडा आणि पट्टेरी कोंबडी, चालतं का? चालतं, ठिपका तर चालतोच, वर अजून एक गोष्ट घडते. कातडीतला काळेपणा दाबणारा जो जीन आहे तो पण झेडवरच आहे. पट्टेरी पिवळ्या पायाच्या कोंबडीकडं तो दाबणारा असतो, कडकनाथकडं नसतो. आई तो फक्त पोरांना देते. त्यामुळं या क्रॉसमधले नर फिकट कातडीचे, कबरे, आणि माद्या बापासारख्या काळ्या, कातडी पण काळी. बेटसन आणि पनेट यांनी सिल्की कोंबड्यांवर हेच १९११ मध्ये दाखवलं होतं.

याचा बाजारात काय उपयोग होतो ते तुम्हीच ओळखा. अशी क्रॉस तलंग दिसायला कडकनाथच. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, भाव चढला, आणि काळं ते कडकनाथ असं सुरू झालं. घेणाऱ्यानं फक्त माद्या बघून घेऊ नये, त्याच बॅचचे नर दाखव म्हणावं. नर कबरे किंवा फिकट तोंडाचे असतील तर विषय संपला. "नर सगळे विकले ओ" असं उत्तर आलं की पाकीट खिशात.

मोबाईलवरचे व्हिडिओ

पंख पसरून पिसं लांब-आखूड दिसली म्हणजे मादी, सगळी सारख्या लांबीची म्हणजे नर, हा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. ती पद्धत खरी आहे, पण तिथंही तीच अट, आई सावकाश पिसं येणारी आणि बाप लवकर पिसं येणारा अशी मुद्दाम लावलेली जोडी पाहिजे, तो जीनही झेडवरच आहे. कंपनीच्या हॅचरीत तशी लाईन बांधलेली असते. गावरान पिल्लाचे पंख ताणून काही कळत नाही, पिल्लाला त्रास तेवढा. टोकदार अंड्यातनं कोंबडा आणि गोल अंड्यातनं कोंबडी, अंड्यावर दोऱ्याला अंगठी बांधून फिरवणे, हे सोडून द्या.

"उन्हाळ्यात कोंबडेच जास्त निघतात" हेही ऐकतो. मगर-कासवात तापमानानं नर-मादी ठरतं, कोंबडीत नाही, ते अंडं घालायच्या आधीच ठरलेलं असतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात नुकसान वेगळंच होतं, साठवलेली अंडी घरातल्या गरमीनंच अर्धवट वाढायला लागतात आणि आत मरतात, मग थोडी पिल्लं निघतात, आणि थोड्या पिल्लात पाचाला चार कोंबडे आले की तेच लक्षात राहतं. अंडी माठाशेजारी गार जागेत ठेवा, आठवड्याच्या आत बसवा, आणि शक्यतो थंडीतच उरका.

थंडीत काढायचा दुसरा फायदा असा की ठिपकेवाले कोंबडे बरोबर आखाडाच्या तोंडावर तयार होतात. त्यांना पहिल्या दिवसापासनं वेगळं खुराडं आणि वेगळा खुराक ठेवा, आखाडात एका झटक्यात जातात, श्रावण लागला की तेच कोंबडे ज्वारी खात बसतात. आणि पट्टेरी आया संपल्या तर? त्यांच्यासाठी एक शुद्ध पट्टेरी कोंबडा वेगळ्या खोपटात, त्याच्याखाली दोन-तीन पट्टेरी माद्या, तिथली पिल्लं फक्त आया तयार करायला. त्या खोपटाचं दार मात्र नीट लावा, तो पट्टेरी तांबड्याच्या कळपात शिरला की पुढचे तीन आठवडे अंडी परत आमटीत.